अपघातानंतरची गाडी: हँडल सरळ केले म्हणजे झाले का?

सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या हातकणंगल्यात मोटारसायकल म्हणजे घराची रोजी. कोणी यंत्रमागाच्या पाळीला इचलकरंजीला जातो, कोणी शिरोलीच्या एमआयडीसीत. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीत गाडी घसरल्याचे कानावर येतेच. माणूस वाचला की आपण अल्हमदुलिल्लाह म्हणतो, वाकलेले हँडल ओढून सरळ करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर कामाला जातो. आम्हाला बोलायचे आहे ते या दुसऱ्या दिवसाबद्दल.

आधी माणूस पाहावा. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी होत असेल तर जखम दिसत नसली तरी दवाखाना गाठावा. कोणाला इजा झाली असेल तर चालकाने 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

मग गाडी. पेट्रोल गळत असेल तर ती सुरू करू नये. खोलण्याआधी फोटो काढावेत व विमा कंपनीला कळवावे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचा खर्च मिळत नाही. पूर्ण विम्यात मिळतो, पण प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची साधारण निम्मी किंमत घसाऱ्यात वजा होते.

फुटलेला हेडलाइट सर्वांना दिसतो. जिवावर बेतते ते न दिसणारे. गाडी सरळ उभी करून मागून पाहावे, दोन्ही चाके एका रेषेत हवीत. चाक उचलून फिरवावे, रिम डगमगता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना न अडकता वळले पाहिजे. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत असेल किंवा पाइप वाकला असेल तर मेकॅनिकला स्पष्ट विचारावे: सरळ होईल की बदलावा लागेल? चासीला तडा गेला असेल तर वरून रंग मारून भागत नाही. शेवटी मोकळ्या जागेत सावकाश चालवून ब्रेक तपासावेत. आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. आतला थर एकदा दबला की पुन्हा तसा वाचवत नाही.

खर्च मोठा वाटतो, हे खरे. अशा वेळी दिखाऊ काम मागे ठेवावे. टाकीवरचा पोचा राहिला तरी चालेल. ब्रेक, चाक आणि शॉकअप राहून चालणार नाहीत. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्यारे नबी ﷺ यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. ती गाडीलाही लागू आहे.

गाडी विकायची ठरली तर? मालातला दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. अपघात झाला होता, चासी वाकली होती, हे घेणाऱ्याला सांगावे. हजार-दोन हजार कमी येतील. पण त्या गाडीवर उद्या त्याची बायको-मुले बसणार आहेत.