मराठी आद्यमुद्रितें व मिशनरी कुटुंबें

वऱ्हाडांतील जुन्या घरांचे रुमाल सोडले म्हणजे पोथ्या, बखरी, कैफियती व हिशेबाचे कागद यांच्या जोडीस एखादें लहानसें छापील पुस्तकही क्वचित् हातीं येतें. कागद जाड व पिवळा पडलेला, अक्षर मोठें व काहींसें बेढब, मुखपृष्ठ बहुधा गेलेलें. चार ओळी वाचतांच तें पाद्र्यांचें आहे असें ध्यानांत येतें आणि संग्राहक तें बाजूस टाकतो. रिद्धपूरच्या महानुभावीय पोथ्यांची सांकेतिक लिपि उलगडण्यांत ज्यांनीं वर्षें घालविलीं त्यांस असल्या पुस्तकाचें मोल वाटूं नये हें समजण्यासारखें आहे. परंतु तें रास्त नव्हे. इ. स. १८५० पूर्वीचें मराठी मुद्रित पुष्कळदां हस्तलिखिताहूनही दुर्मिळ असतें. पोथीच्या नकला होत गेल्या व पोथी देवघरांत राहिली; फुकट वाटलेलें आठ पानांचें पुस्तक कोणी राखलें नाहीं. अशा पुस्तकाचा काळ ठरवावयाचा तर तें ज्या छापखान्यांत निघालें त्याचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्या छापखान्याचा इतिहास म्हणजे बहुतांशीं तो चालविणाऱ्या चार-दोन कुटुंबांच्या जन्ममरणांचा इतिहास होय. हें दुसरें विधान विचित्र वाटेल, म्हणून त्याचाच विस्तार येथें करितों.

खिळ्यांच्या मराठी मुद्रणाचा प्रारंभ महाराष्ट्राबाहेर, बंगालमधील श्रीरामपूर येथें झाला. डेन लोकांच्या ताब्यांतील या गांवीं विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे १८०० सालीं एकत्र झाले. तिघांचीं कुटुंबें एका वाड्यांत राहत, जेवण एका पंगतीस होई आणि प्रत्येकाची मिळकत सामायिक कोठींत जमा होई. आपल्याकडील अविभक्त कुटुंबपद्धति ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं येथें कर्ता पुरुष एक नसून तीन होते, आणि घराचा मुख्य उद्योग छापखाना हा होता. वॉर्ड हा धंद्यानें मुद्रक. त्यानें १८०२ त आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या, जॉन फौंटन याच्या, विधवेशीं विवाह केला. केरीचा वडील मुलगा फेलिक्स याच वॉर्डच्या हाताखालीं छपाई शिकला. हन्ना मार्शमन हिच्या शाळेचें उत्पन्न त्या कोठीचा मोठा आधार होतें. केरीची पत्नी डोरोथी मात्र मनोविकारानें जर्जर होऊन १८०७ त वारली. ज्या वर्षांत केरीचें मराठी व्याकरण (१८०५) सिद्ध झालें तीं तिच्या आजाराचींच वर्षें होत.

या व्याकरणांत मराठी देवनागरी खिळ्यांनीं छापली आहे; मोडीचे खिळे तेव्हां तयार नव्हते. १८१० चा कोश मोडींत निघाला. १८१२ च्या मार्चांत छापखान्यास आग लागून अनेक भाषांचे खिळे वितळले, पण ठसे वांचले व त्यांवरून नवे खिळे ओतले गेले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत वऱ्हाडचा मोठा वांटा असल्यामुळें आपणांस विशेष जवळची वाटावी अशी 'रघुजी भोसल्यांची वंशावळी' १८१५-१६ च्या सुमारास येथेंच मोडींत छापली गेली. धर्मप्रसाराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हां मोडीचा छापील कागद दिसला तर तो पाद्र्यांचा म्हणून टाकण्यापूर्वीं दोनदां पाहावा.

आतां मुंबईकडे वळूं. कारण वऱ्हाडांत जीं मुद्रितें सांपडण्याचा अधिक संभव आहे तीं तिकडचीं. अमेरिकेंतील सेलम येथें १८१२ च्या फेब्रुवारींत पांच तरुणांस दीक्षा मिळाली व ते हिंदुस्थानास निघाले. कलकत्त्यास उतरतांच कंपनी सरकारनें त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. त्यांपैकीं सॅम्युएल न्यूवेल हा पत्नीसह मॉरिशस बेटाकडे गेला. वाटेंत नवजात मूल दगावलें, आणि १८१२ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस त्याची पत्नी हॅरिएट हीही तेथें वारली. तिचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ त मुंबईस पोंचले, एकटा न्यूवेल १८१४ त त्यांस येऊन मिळाला, आणि १८१५ त नॉट प्रकृतीच्या कारणानें परत गेला. राहिले दोघे. छापखाना उभा राहिला तो होरेशिओ बार्डवेल १८१६ च्या नोव्हेंबरांत आल्यावर. यास मुद्रणाचें काम अवगत होतें. छपाईचें साहित्य कलकत्त्याहून आणविलें. १८१७ त पहिलें आठ पानांचें पुस्तक निघालें, आणि त्याच सालीं मत्तयाचें शुभवर्तमान.

छापखाना म्हणजे यंत्र व खिळे अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या काळीं छापखाना म्हणजे एक माणूस. तो आजारी पडला कीं यंत्र बंद. याचें उत्तम उदाहरण १८२१ साल आहे. त्या वर्षाच्या आरंभीं बार्डवेल प्रकृति खालावून मुंबई सोडून गेला. त्याची जागा घेण्यास जेम्स गॅरेट हा मुद्रक मे महिन्यांत आला, आणि तोही योजनेनें नव्हे. त्यास सिलोनांत पाठविलें होतें, पण तेथील सरकारनें राहूं दिलें नाहीं म्हणून तो मुंबईस वळला. सिलोनच्या अधिकाऱ्याची ती हरकत नसती तर मराठी मुद्रणाचीं पुढचीं दहा वर्षें कशीं गेलीं असतीं कोण जाणे! गॅरेट येऊन तीन आठवडे होतात तों ३० मे रोजीं न्यूवेल पटकीनें वारला. त्याची दुसरी पत्नी फिलोमेला ही १८१८ त मुंबईस आली होती. परदेशांत एकटी विधवा. परत जावें तर महिनोगणती समुद्रप्रवास. १८२२ त तिनें गॅरेटशीं विवाह केला. श्रीरामपुरास वॉर्डच्या घरीं जें घडलें तेंच येथें घडलें. आपल्या वाचकांपैकीं कांहींस पुनर्विवाहाची ही घाई खटकेल. मला तींत घाईपेक्षां त्या संसारांची रचनाच अधिक दिसते: घर मोडलें कीं कामही मोडे, आणि तें तसें मोडूं द्यावयाचें नव्हतें.

गॉर्डन हॉल हा भाषांतराचा कणा. त्याची पत्नी मार्गारेट १८२५ त मुलांस घेऊन अमेरिकेस निघून गेली, कारण येथील हवेंत मुलें जगत नव्हतीं. हॉल मागें राहिला. पुढच्याच मार्चांत नाशिक-त्र्यंबकाकडील दौऱ्यावर असतां त्यास पटकीनें गांठलें व एका देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला, वय ४१. ज्याच्यासाठीं तो तेरा वर्षें खपला तो मराठी 'नवा करार' त्याच सालीं, १८२६ त, पुरा होऊन बाहेर पडला. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १८१७ ते १८२६ या काळांत निरनिराळीं शुभवर्तमानें सुटीं सुटीं छापलीं गेलीं. तेव्हां नुसतें एखादें शुभवर्तमान हातीं आलें तर तें मोठ्या ग्रंथाचा फाटका तुकडा आहे असें गृहीत धरूं नये.

गॅरेट १८३१ च्या जुलैंत वारला. फिलोमेला दुसऱ्यांदा विधवा झाली व अमेरिकेस परतली. याच १८३१ सालीं, या छापखान्यांत काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःच्या शिळायंत्रावर पहिलें छापील पंचांग काढलें. हिंदूच्या हातचें पंचांग मिशनऱ्यांच्या कारखान्यांत शिकलेल्या विद्येनें निघावें हा योग मोठा मौजेचा आहे. पुढें वेब्स्टर हा मुद्रक आला. थॉमस ग्रॅहॅम या कारागिरानें मराठीचे लहान व सुबक साचे पाडले. आणि डेव्हिड ॲलन यानें १८४४ त कारभार हातीं घेतला तेव्हां छापखान्यांत शंभरांवर माणसें काम करीत होतीं. संपूर्ण मराठी बायबल १८४७ त निघालें. १८५४-५५ त बोस्टनहून आलेल्या पाहणीनंतर मंडळाचें धोरण बदललें व थोड्याच वर्षांत छापखाना मोडण्यांत आला. परंतु तत्पूर्वीं खिळे घांसण्याच्या कामावर तेथें लागलेला एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा सर्व पाहून शिकला होता: जावजी दादाजी. १८६४ त त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना घातला व १८६९ त निर्णयसागर छापखाना. काव्यमालेचे गुच्छ हाताळून ज्यांनीं आपलें संस्कृत पक्कें केलें त्या माझ्यासारख्यांनीं तरी या छापखान्याविषयीं तुच्छतेनें बोलूं नये. त्यांच्या पुस्तकांतील मतें आपणांस मान्य नाहींत, देवतांवरील टीका तर कित्येक ठिकाणीं असभ्य आहे, आणि ऱ्हस्वदीर्घांची दुर्दशा पाहवत नाहीं. तरी शब्दाशब्दांमध्यें अंतर सोडून मराठी छापण्याची जी वाट पुढें रूढ झाली ती पाडणाऱ्यांत हीं पुस्तकें आहेत.

वऱ्हाडांत हीं पुस्तकें आलीं कशीं? अमेरिकन मिशनचे लोक अहमदनगराहून पुढें सरकून १८३७ च्या सुमारास जालन्यास ठाणें करून होते, आणि जालना म्हणजे वऱ्हाडचा उंबरठा. नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ त आला. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें व १८६७ त लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास जाऊन भिडला. त्यानंतर मुंबईचा छापील माल येण्यास अडचण उरली नाहीं. अकोल्यास मार्कस फुलर व त्याची पत्नी जेनी यांचें ठाणें होतें. जेनीचे 'बॉम्बे गार्डियन' पत्रांतील लेख १९०० त स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तकाच्या रूपानें निघाले. त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच वर्षीं जेनी वारली. अकोल्याच्या संग्राहकांनीं या पुस्तकाची जुनी प्रत मिळाल्यास ती स्थानिक इतिहासाचें साधन म्हणून राखावी.

कालनिर्णयासाठीं दोन-चार खुणा उपयोगी पडतील. अ, झ, ण या अक्षरांचें वळण कलकत्त्याकडचें, म्हणजे हिंदी पुस्तकांत दिसे तसें, असेल तर मुद्रित बहुधा आरंभकाळचें. मुंबईचें वळण स्थिर झालें तें मागाहून. हा पुरावा एकटा निर्णायक नव्हे, कारण जुने खिळे झिजेपर्यंत वापरले जात. अक्षर बारीक व रेखीव असेल तर ग्रॅहॅमच्या साच्यांचा काळ समजावा. कागदावर दाब उमटलेला नसून शाई सपाट असेल व अक्षर लेखणीच्या वळणाचें असेल तर तें शिळाछाप.

पोथ्यांच्या पुठ्ठ्यांचे थर सुटले असतील तर तेही पाहावे. जुनीं छापील पानें खळीनें एकावर एक डकवून पुठ्ठा केलेला असतो. तीं पानें स्वतः सोडवूं जाऊं नये, पुठ्ठा आहे तसा मंडळाकडे पाठवावा. आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मोडींत कोणी उसनवारीचा हिशेब किंवा मुलाचें जन्मटिपण लिहिलें असेल तर तें खरवडूं नये. पुस्तक कोणत्या घरीं व कोणत्या सालापूर्वीं पोंचलें होतें हें पुष्कळदां त्या दोन ओळींवरूनच कळतें.