जुन्या मोटारींत नवें इंजिन

मोटारीचें इंजिन बदलणें म्हणजे जुनें उचलून काढणें व नवें त्या जागीं ठेवणें, अशी पुष्कळांची समजूत असते. ठेवणें सोपें आहे. बसविणें कठीण आहे. जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या शौकिनांस हल्लीं अशा कामासाठीं बाजारांत तयार सुटे भाग मिळतात. ते मूळ कारखान्याचे नसून अन्य कारखान्यांनीं बनविलेले असतात, आणि ‘अमुक गाडीस चालेल’ असें वेष्टनावर छापलेलेंही असतें. तरी भाग हातीं आल्यावर भोकें जुळत नाहींत, असा अनुभव अनेकांस येतो. असें कां व्हावें, व अशा वेळीं शहाणा कारागीर काय करतो, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण घेऊं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनें १९८५ च्या सुमारास ‘११८ एनई’ नांवाची मोटार काढली. तिचा सांगाडा १९६६ सालीं इटलींत निघालेल्या फियाट १२४ या गाडीचा होता. याच घराण्यांतील ‘स्पायडर’ ही उघडी स्पोर्ट्स मोटार शौकिनांत फार प्रसिद्ध आहे. मूळ फियाटचें इंजिन ११९७ घन सेंटिमीटरांचें. प्रीमियरनें त्याऐवजीं जपानच्या निस्सान कंपनीच्या रचनेचें ११७१ घन सेंटिमीटरांचें इंजिन घातलें. आकडे पाहतां फरक केवळ २६ चा. परंतु इंजिन बसेल कीं नाहीं हें या आंकड्यांवरून कळत नाहीं. इंजिनाचे पाय कोठें टेकतात, गिअरबॉक्सचीं भोकें कोठें येतात, धुराची नळी कोणत्या बाजूनें निघते, हेंच तेथें निर्णायक ठरतें. कारखान्यास हें एकदां आंखून हजारों गाड्यांस लागू करतां येतें. एकट्या जुन्या गाडीच्या मालकास मात्र प्रत्येक माप स्वतः घ्यावें लागतें. कारण अपघात, गंज व वेल्डिंग यांमुळें तिचा सांगाडा सूत-दोन सूत सरकलेला असतो, आणि विकत आणलेल्या भागास तें ठाऊक नसतें.

पहिली अडचण आट्यांची. जुन्या इंग्लिश गाडींत बोल्ट इंचांचे, तर जपानी इंजिनांत मिलिमीटरांचे. अडीच सुताच्या बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८. तळहातावर ठेवल्यास दोन्ही सारखेच दिसतात. परंतु पहिल्याच्या बारीक आट्यांतील अंतर सुमारें १.०६ मिलिमीटर असतें, व दुसऱ्याचें सामान्यतः १.२५. म्हणून परका बोल्ट दोन वेढे आंत जातो आणि अडतो. तेथें पान्याला जोर देणारा मनुष्य ॲल्युमिनियमचे आटे कायमचे बिघडवितो.

दुसरी अडचण सरळ रेषेची. इंजिनाचा क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा दांडा एकाच रेषेंत फिरले पाहिजेत. दोहोंचीं भोकें जुळत नसल्यास मध्यें धातूची एक जाड पट्टी घालतात. आपल्या शिवाजी उद्यमनगरांत लेथ व मिलिंग यंत्रांची वाण नाहीं. अशी पट्टी तेथें करून घेतां येईल. परंतु बोल्टाचें भोंक बोल्टापेक्षां किंचित् मोठें असतें, म्हणून बोल्ट आवळतो, जागा ठरवीत नाहीं. जागा ठरविण्याचें काम घट्ट बसणाऱ्या डॉवेल खुंट्या करतात. केंद्रांत सुमारें ५ हजारांश इंचाहून अधिक चूक राहूं नये, असा कारागिरांचा सामान्य नियम आहे, आणि तें पाहण्यास डायल गेज लागतो. दर मिनिटास ३००० फेरे घेणारा दांडा तासांत १,८०,००० वेळां फिरतो. तेवढ्या वेळां वांकडा ताण बसल्यास कोणतें बेअरिंग टिकेल?

तिसरी अडचण जागेची. बॉनेट व इंजिन यांत किती अंतर उरतें, हें पाहण्यास इंजिनावर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट हलकेंच मिटतात. दबलेल्या गोळ्याची जेवढी जाडी उरेल तेवढीच मोकळी जागा. इंजिन रबरावर उभें असल्यामुळें चालतांना हलतें, म्हणून थोडें अधिक अंतर सोडावें. धुराची तापलेली नळी ब्रेकच्या नळीजवळ तर कधींच नसावी.

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञानांत तुम्ही शिकतां कीं वेग दुप्पट झाला तर गतीची ऊर्जा चौपट होते. अधिक शक्तीचें इंजिन घालून ब्रेक जुनेच ठेवणें म्हणजे स्वतःच्या व रस्त्यावरील मुलांबाळांच्या जिवाशीं खेळ होय. यास्तव १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमति आवश्यक ठरवितें. हात लावण्यापूर्वींच ती घ्यावी.

छत्रपति राजाराम महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकींत पाहतांना कोल्हापूरकरांस जो आनंद होतो, तो जुनी वस्तु जपून ठेवल्याचा आहे. जुन्या गाडीचा कापलेला पत्रा पुन्हा पूर्ववत् होत नाहीं. म्हणून शक्य तेथें गाडी न कापतां मधला जोड बनवावा, आणि काढलेलें मूळ इंजिन तेल लावून जपून ठेवावें. आधीं माप, मग काप, एवढें सूत्र ज्यानें पाळलें त्यास पुढें पस्तावण्याची पाळी सहसा येत नाहीं.