करवतीने पाडलेले सूर

पैसे वाचतील या आशेने कुणी इलेक्ट्रिक गिटार घरी बनवायला घेऊ नये. चेन्नईत तर नाहीच. अण्णा सालईवर म्युझी म्युझिकल हे 1842 सालापासून चालत आलेलं दुकान आहे. तिथून चांगली वाजती गिटार घेऊन संध्याकाळच्या आत घरी येता येतं. घरच्या गिटारला लाकूड, खुंट्या, ब्रिज, तारा आणि एरवी कधीच न लागणारी हत्यारं धरून बरेचदा त्याहून जास्त खर्च येतो. बाल्कनीतल्या भुशावरून शेजाऱ्यांची बोलणी बसतात ती वेगळीच. पण हा किडा एकदा डोक्यात शिरला की हिशेब सांगून उपयोग नसतो.

या छंदाचं दैवत म्हणजे क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे. 1963 साली शाळकरी वयात त्याने वडिलांच्या मदतीने गिटार करायला घेतली. गळा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. दोनेक वर्षं लागली. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी पुढे जगभर पोचला, तेव्हा त्याच्या शेजारी हीच गिटार वाजत होती.

मी धडासाठी तुणाचं लाकूड निवडलं. मिरजेचे कारागीर सतारीला वापरतात तेच. ज्या सुताराकडून फळी कापून घेतली, त्या अण्णांनी वीणा पाहिलेली. फणसाचा ओंडका आतून कोरून पोकळ करतात हे त्यांना पक्कं ठाऊक. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीच्या भरीव फळीकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘आतून कोरायचं नाही? मग आवाज कुठून येणार?’’ प्रश्न रास्त होता. 1940च्या सुमारास अमेरिकी गिटारवादक लेस पॉलने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या तुळईवर तारा ताणल्या आणि नुसती तुळई दिसायला बरी नाही म्हणून दोन्ही बाजूंना एका गिटारचे कापलेले अर्धे भाग जोडले. ते दिखाव्यापुरतेच. भरीव गिटारमध्ये तारेचं कंपन मुख्यतः चुंबक आणि वेटोळं टिपतं. म्हणून अमुक लाकडाचा आवाज ‘गोड’ की तमुकचा, यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. फळी वाळलेली, सरळ आणि खांद्याला झेपेल इतपत हलकी असली की झालं.

खरा जीव अडकतो तो फिंगरबोर्डात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, बेसूर वाटला तर सरकवता येतात. तंजावरच्या वीणेचे चोवीस पडदे मेणात बसवतात. मेण बदललं की पुन्हा जुळवता येतात. गिटारच्या फ्रेटसाठी मात्र शिसवीच्या पट्टीवर करवतीने खाच पाडायची. ती पडली की विषय संपला.

उघड्या तारेची लांबी 648 मिलिमीटर धरू. तिला 17.817ने भागलं की 36.37 येतात; नटपासून, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, तेवढ्या अंतरावर पहिली खाच. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरी. असं करत बारावी बरोबर निम्म्यावर येते, 324वर. हिशेब पायरीपायरीने केला तरी मोजायचं प्रत्येक वेळी नटपासूनच, नाहीतर चुकांची बेरीज होत जाते. बाराव्या फ्रेटशी एक मिलिमीटर चुकलं तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे विसाव्या भागाने हलतो. एकट्या तारेवर ते खपून जाईल, कॉर्ड वाजवली की खटकतं.

ठोकून बसवलेले बावीस फ्रेट एका पातळीत कधीच येत नाहीत. प्रत्येकाच्या माथ्यावर काळ्या मार्करची शाई फासायची आणि सरळ लोखंडी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती लांबीच्या दिशेने अलगद फिरवायची. उंच फ्रेटवरची शाई पहिल्या एक-दोन हातांतच उडते, खाली राहिलेल्यांवर काळं तसंच. शेवटच्या फ्रेटवरची शाई जेमतेम जाईपर्यंत घासायचं, पुढे एक हातही नाही. सपाट झालेले माथे मग कानशीने पुन्हा गोल करायचे. तीन फ्रेटवर एक बारकी सरळ पट्टी ठेवून दाबली आणि ती टिकटिक डुलली, तर मधला फ्रेट अजून उंच आहे. तो तसाच सोडला की तार त्यावर घासून झर्रर्र वाजते.

विजेचं सामान घ्यायचं रिची स्ट्रीटवरून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचंच ते भावंड. तारेच्या बाबतीत मात्र सावध. अमेरिकी पुस्तकं पिकअपसाठी, म्हणजे त्या चुंबक-वेटोळ्यासाठी, 42 गेजची तांब्याची तार सांगतात. त्यांच्या मापात ती 0.063 मिलिमीटर, केसाइतकी बारीक. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानांत ब्रिटिश गेज चालतं आणि त्यातली 42 नंबरची तार 0.1 मिलिमीटर जाड असते. तिचे आठ हजार वेढे बॉबिनवर मावतच नाहीत. आपल्या मापात 46 मागायची, किंवा गेज न सांगता थेट मिलिमीटर सांगायचे. शिवणयंत्राच्या मोटरीवर बॉबिन फिरवत, तार चिमटीतून सोडत हे वेढे भरतात. मीटरवर सहा किलोओहमच्या आसपास आकडा आला की गंगेत घोडं न्हालं. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरच्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण शिरते. आतून तांब्याचा पत्रा लावला तरी ती पूर्ण जात नाही. तिच्यावरचा इलाज म्हणजे दोन उलट वेटोळ्यांचा हंबकर, 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हरने काढलेला.

उरली इथली हवा. महाराष्ट्रात पाऊस सरतो तेव्हा चेन्नईचा खरा पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत लॅकर मारलं तर ते वाळताना हवेतला ओलावा पृष्ठभागावर धरतं आणि वर दुधट पांढरी झाक येते. बाहेर दमट हवेत राहिलेली गिटार एसीच्या खोलीत फार दिवस ठेवली, तर शिसवी आकसते आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना बोचतात.

पहिलीच गिटार करणार असाल तर फ्रेट बसवलेला तयार गळा विकत घ्या, धड स्वतः कापा आणि चार स्क्रूंनी दोन्ही जोडा. फेंडरच्या गिटारी 1950पासून अशाच जोडल्या जातात. लॅकर फेब्रुवारी-मार्चमध्ये मारा. खाचा दुसऱ्या गिटारला पाडा, तेही आधी टाकाऊ पट्टीवर एक अख्खा फिंगरबोर्ड कापून पाहिल्यावरच.