पहाटेची काच

मुंबई-अहमदाबाद महामार्ग (४८, पूर्वीचा ८) चारोटीनंतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीजवळून जातो. देवीची यात्रा चैत्रात. आम्ही ट्रकने पोहोचलो पौषातल्या पहाटे. ड्रायव्हरदादांनी वेग कमी केला, हात कपाळाला लावला आणि फडक्याने काचेवरची वाफ पुसली. दापचरीपर्यंत ती तीनदा पुसावी लागली. पुढे तलासरी, अच्छाड, मग गुजरात.

मोटार वाहतूक कामगार कायदा (१९६१) २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत दिवसाला ८, आठवड्याला ४८ तासांचंच काम सांगत होता. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना विश्रांती मिळायलाच हवी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. ही चैन नव्हे: एसीची कोरडी हवा थंडीत काचेवरची वाफही घालवते. दादांचा ट्रक जुना. फडकं डॅशबोर्डवरच असतं.