डेटाबेसची नित्य झाडलोट : दोन मूल्यांचा एक हिशेब

डेटाबेस-सर्व्हरच्या देखभालीसाठी किती स्मृती राखून ठेवावी, हा प्रश्न बहुधा स्वतंत्रपणे विचारला जातो. वस्तुतः स्मृतीचे प्रमाण आणि झाडलोटीची वेळ ही दोन्ही मूल्ये एकत्रच ठरवावी लागतात. पोस्टग्रेस प्रणालीच्या आधारे हे येथे पाहू.

या प्रणालीत नोंद बदलली तरी तिची जुनी प्रत लगेच पुसली जात नाही; कारण चालू असलेल्या अन्य व्यवहारांना तिची गरज असू शकते. ती गरज संपली की प्रत मृत ठरते. अशा प्रतींची जागा मोकळी करण्याच्या क्रियेस ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. मूळ मांडणीप्रमाणे मृत प्रतींची संख्या एकूण नोंदींच्या ०.२ पट अधिक ५० यापेक्षा वाढली म्हणजे ही क्रिया आपोआप सुरू होते.

अमरावती-नागपूर महामार्गावर नांदगाव पेठ येथे पथकर नाका आहे. अशा अनेक नाक्यांवरील वाहनांच्या १० कोटी नोंदी एका तक्त्यात आहेत आणि रक्कम जमा होताच प्रत्येक नोंदीची स्थिती बदलते, अशी कल्पना करू. स्थितीच्या स्तंभावर निर्देशिकाही आहे. येथे सुमारे २ कोटी मृत प्रती साचेपर्यंत झाडलोट सुरू होणार नाही.

आता स्मृतीकडे वळू. सोळाव्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक मृत प्रतीचा पत्ता ६ बाइट घेत असे. देखभालीची मूळ स्मृती ६४ मेगाबाइट. तीत सुमारे १ कोटी ११ लाख पत्ते मावतात. यादी भरली की सर्व निर्देशिका आरंभापासून अंतापर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे २ कोटींसाठी हे वाचन दोनदा घडते. गुणक ०.१ केल्यास १ कोटीच प्रती साचतात व एकाच वाचनात काम उरकते. २ कोटींमागे वाचने दोनच राहतात. पण साचणारा केर मात्र निम्मा होतो. याउलट गुणक ०.०२ केल्यास तेवढ्याच प्रतींसाठी दहा वाचने लागतात. केवळ वारंवारता वाढविणे हा उपाय नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

स्मृती वाढवितानाही सावधगिरी हवी. मूळ मांडणीत एकाच वेळी ३ स्वयंचलित कार्यकर्ते चालू शकतात आणि प्रत्येकास ही मर्यादा स्वतंत्रपणे लागू होते. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत पत्त्यांची यादी अधिक आटोपशीर झाली. त्यामुळे वरील आकडे तेथे बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

झाडलोट दीर्घकाळ तुंबली तर हानी केवळ मंदगतीची नसते. व्यवहार-क्रमांक ३२ अंकस्थानांचे असल्याने जुने क्रमांक वेळीच गोठवावे लागतात. हे कामही व्हॅक्यूमच करतो. ते न झाल्यास सुमारे २०० कोटी व्यवहारांच्या सीमेजवळ प्रणाली नवे लेखन नाकारते. फार काळ उघडा राहिलेला एखादा व्यवहारही ही झाडलोट अडवून धरतो. म्हणून मूल्ये बदलण्यापूर्वी असे व्यवहार शोधावेत, मृत प्रती मोजाव्यात आणि मगच मोठ्या तक्त्यांपुरता गुणक निराळा ठरवावा.