खर्जातून उमटणारा गंधार

गाण्याच्या वेडापायी माणसं कुठं कुठं जातात. कुणी डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी रजा राखून ठेवतं, कुणी जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठी बाजार पालथे घालतं, कुणी कुमार गंधर्वांचं गाव म्हणून देवासला जाऊन येतं. मला ओढ मिरजेची आहे. गाण्याच्या मागं जे अखंड वाजत असतं, ते वाद्य तिथं तयार होतं. तंबोरा.

रसिक मंडळी रागाबद्दल, घराण्याबद्दल, अमक्या तानेबद्दल तासन्‌तास बोलतात. तंबोऱ्याचा विषय सहसा निघत नाही. गवयाच्या मागं बसलेल्या दोन शिष्यांच्या हातातलं ते वाद्य पुष्कळांना रंगमंचाची शोभाच वाटतं. खरं तर मैफिलीतला पहिला स्वर त्याचा असतो आणि शेवटचाही. गवई श्वास घ्यायला थांबतो, पेटीवाला हात आखडता घेतो, तबलजी ठेका सोडतो; तंबोरा मात्र चालूच राहतो. तो कान देऊन ऐकायची सवय लागली की गाणं कितीतरी जास्त कळू लागतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हटलं तर रचना साधी. चार तारा. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, पितळी आणि जाड. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथं पहिली तार मध्यमात लावतात. मारवा, पूरिया गायचा असेल तर बहुधा निषादात. एवढंच वाजवायचं, पुन्हा पुन्हा, एकाच संथ लयीत. पण या चार तारांतून चारपेक्षा पुष्कळ जास्त स्वर ऐकू येतात.

कोणतीही तार छेडली की ती पूर्ण लांबीनं थरथरते, आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही थरथरत असते. प्रत्येक विभागणीचा आपला स्वर असतो. खर्जाच्या तारेत दोन भागांच्या थरथरीतून वरचा षड्ज निघतो, तीन भागांच्या थरथरीतून पंचम, आणि पाच भागांच्या थरथरीतून गंधार. म्हणजे गंधाराची तार कुणी लावलेली नसते, तरी तंबोरा नीट जुळला की वर तार सप्तकात गंधार स्पष्ट ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पंचमाच्या तारेतून याच हिशेबानं रिषभ आणि निषाद मिळतात. सा, रे, ग, प, नी: यमनचा मोठा भाग तंबोऱ्यातच आहे, गवयानं अजून तोंडही उघडलेलं नसतं!

हा स्वयंभू गंधार आपल्या पेटीतल्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. पेटीचे स्वर बारा सारख्या अंतरांवर बसवलेले असतात, तंबोऱ्याचा गंधार तारेच्या स्वभावातून येतो. फरक अगदी थोडा, पण एकदा कानाला कळला की विसरता येत नाही. किराणा घराण्याची गायकी आवडणाऱ्यांनी हा गंधार मुद्दाम शोधावा. त्या घराण्यात एकेका स्वरावर इतका वेळ का रेंगाळतात, याचं उत्तर तिथं मिळतं.

आता प्रश्न असा, की असे उपस्वर सतारीच्या, गिटारीच्या, कुठल्याही तारेत असतात. तंबोऱ्यातच ते इतके का उजळतात? उत्तर घोडीत आहे. गिटारीची तार एका टोकदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी पसरट असते आणि तिचा माथा वरून सपाट दिसला तरी त्याला अगदी हलकासा उतार दिलेला असतो. तार हलते तेव्हा त्या उतारावर घासत, टेकत, सुटत जाते. त्यातून वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो केसभर पुढंमागं केला की आवाज मिटतो किंवा फुलतो. हीच जवारी. धागा काढून तार छेडून पाहा, आवाज लगेच कोरडा होतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्यात असताना यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथं एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तर तो उपस्वर निघायला नको, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत तो स्वर तरीही निघतो, हे रामन यांनी दाखवून दिलं आणि कारण घोडीच्या घडणीत आहे असं सांगितलं. नोबेल त्यांना पुढं १९३० साली प्रकाशावरच्या कामासाठी मिळालं. मला हा तंबोऱ्याचा निबंध फार मोलाचा वाटतो. ज्या कारागिरांनी ही घोडी पिढ्यान्‌पिढ्या घडवली, त्यांच्या कानाला विज्ञानानं दिलेली ती दाद आहे.

हे कारागीर पाहायचे तर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत जावं. तिथल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब यांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि पुढं वाद्यंच घडवायला सुरुवात केली, असं तिथं सांगतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. हा खायचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, खास याच कामासाठी पिकवलेला. तो वेलीवर पक्व होऊ देतात, महिनोन्‌महिने वाळवतात, मग पाण्यात भिजवून कापतात आणि आतला गर खरवडून काढतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची, कारण ते हलकं असतं आणि चांगलं बोलतं. शेवटी कोरीव काम, नक्षी, लाखेचं पॉलिश.

गिऱ्हाईक भुलतं ते नक्षीला. पण तंबोऱ्याची किंमत ठरते जवारी काढणाऱ्या माणसावर. त्याच्याजवळ थोडा वेळ बसलं पाहिजे. तो तारा ढिल्या करून बाजूला सारतो, घोडीवर कानस फिरवतो, दोनचार हात, जास्त नाही. भुकटी फुंकतो. तार पुन्हा जागेवर, खुंटी पिळायची, भोपळ्याजवळचा मणी सरकवून स्वर नेमका करायचा, धागा घालायचा, छेडायचं आणि ऐकायचं. मान हलते. पुन्हा तार ढिली. चारही तारांची जवारी एकसारखी खुलली पाहिजे. एक तार जास्त बोलकी झाली तरी गवयाला ती टोचत राहते. मोजायला यंत्र नाही, खूण नाही. सगळा कारभार कानावर. एक कानस जास्त पडली तर घोडी पहिल्यापासून घासावी लागते.

हा कान मिरजेत तयार झाला त्याचं कारण गवई शेजारीच होते. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत प्रथम रंगभूमीवर आले तेही मिरजेतच. आणि किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तर या गावचेच होऊन गेले. वाद्य बनवणारा आणि वापरणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले की चूक दुसऱ्या दिवशी दारात येते. कारागिरी अशीच सुधारते.

खाँसाहेबांचं शेवटचं गाणंही तंबोऱ्यावरच झालं. १९३७ च्या ऑक्टोबरात ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच तंबोरा जुळवायला लावला, दरबारीत अल्लाची आळवणी केली आणि प्राण सोडला, असं त्यांच्या शिष्यपरिवारात सांगितलं जातं. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरसाच्या दिवसांत तिथं आजही गाणं होतं आणि देशभरातले कलाकार हजेरी लावून जातात. मिरजेला जायचंच तर या दिवसांत जावं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, पण मानांकनानं गिऱ्हाईक आपोआप येत नाही. आता मोबाइलमध्ये तंबोरा आहे, छोट्या डब्याएवढं विजेवरचं यंत्र आहे. प्रवासात, फ्लॅटमध्ये, एकट्यानं रियाज करताना त्याचा उपयोग मला मान्य आहे. पण यंत्रातला तंबोरा तेच ते आवर्तन फिरवत राहतो. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेड थोडी वेगळी पडते, हवेनं, दिव्यांच्या उष्णतेनं तारा हलतात, त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. ही कटकट वाटत असली तरी शिष्याचा कान त्या कटकटीतच घडतो. किशोरीताई आमोणकर तंबोरे मनाजोगे जुळल्याशिवाय सुरुवात करत नसत. कुमारांच्या जुळलेल्या तंबोऱ्यांची आठवण तर त्यांना ऐकलेली माणसं गाण्याइतकीच काढतात. तंबोरा जुळवता येणं हीच निम्मी तालीम आहे. गाणं शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी राग कमी शिकवले तरी चालतील, चार तारा लावता आल्याच पाहिजेत.

तेव्हा एक विनंती. पुष्कळ मराठी घरांत आजीचा, आत्याचा एखादा तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात उभा असतो, नाहीतर माळ्यावर पडलेला असतो. तो खाली काढा. भोपळ्याला तडा गेला असेल, घोडी झिजली असेल, तारा गंजल्या असतील. यातलं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. मिरजेला घेऊन जा, नव्या तारा चढवून घ्या, जवारी काढून घ्या. आणि घरी कुणी गाणारं नसेल, तर जवळच्या गाण्याच्या वर्गाला देऊन टाका.