भुजा छेदणारे पंचकोन

श्रोतेहो, नभोवाणीवरून आकृति दाखवितां येत नाहीं. म्हणून कागद व पेन्सिल जवळ घ्यावी. एक वर्तुळ काढून त्यावर समान अंतरानें पांच बिंदु मांडा व त्यांस ओळीनें १ ते ५ आंकडे द्या. आतां पेन्सिल न उचलतां, प्रत्येक बिंदूस एकदांच भेट देऊन, सरळ रेघांनीं मूळ बिंदूवर परत या. जी आकृति होईल ती पंचकोनच. मग तिच्या भुजा एकमेकींस छेदोत वा न छेदोत.

हें मी आज निःशंकपणें सांगतों. परंतु शिक्षक असतांना एका मुलानें पंचकोन म्हणून काढलेल्या चांदणीवर मीं तांबडी फुली मारली होती. "पंचकोनाच्या कोनांची बेरीज ५४० अंश, तुझी १८०च भरते," असें त्यास ऐकविलें. मुलाची चांदणी निर्दोष होती. तोकडी होती ती माझी व्याख्या.

असे मार्ग एकंदर १२ निघतात. फिरवून वा उलटवून जुळणारे एकच मानले, तर प्रकार उरतात चार. १-२-३-४-५ या क्रमांत छेद नाहीं. १-२-३-५-४ मध्यें एक. १-३-४-२-५ मध्यें दोन. आणि १-३-५-२-४ ही चांदणी, तींत पांच. तीन किंवा चार छेदांची आकृति या पांच बिंदूंवर निघतच नाहीं. करून पाहावें.

पण केवळ छेद मोजून भागत नाहीं. भुजांवरून एक मुंगी चालते आहे असें समजा. प्रत्येक कोपऱ्यावर ती किती अंश वळते तें मांडा; डावें वळण अधिक, उजवें उणें. साध्या पंचकोनांत ती एकूण ३६० अंश, म्हणजे एक फेरा वळते. चांदणींत दर कोपऱ्यास १४४, पांचांचे ७२०, म्हणजे दोन फेरे! आंतील कोन प्रत्येकीं ३६च कां, हें येथें उलगडतें. एका छेदाच्या आकृतींत डावीं-उजवीं वळणें फिटून शून्य उरतें. दोन छेदांच्या आकृतींत मात्र पुन्हां एकच फेरा. म्हणजे साध्या पंचकोनापासून ती फेऱ्यांनीं ओळखूं येत नाहीं, छेदांनीं येते.

आतां छेद आणि फेरे (दिशा सोडून) यांची बेरीज घ्या: ०+१, १+०, २+१, ५+२. सर्व विषम! हा योगायोग नव्हे. वक्ररेषांविषयीं हा नियम व्हिटने या अमेरिकन गणितज्ञानें १९३७ सालीं सिद्ध केला. मात्र एका छेदबिंदूंतून दोहोंहून अधिक रेघा जातां कामा नयेत. फेरे समान असलेली एक गोलाईदार बंद रेषा, कोठेंही टोक न येऊं देतां, दुसरीचें रूप घेऊं शकते, हेंही त्यानें दाखविलें.

चांदण्यांचा अभ्यास मात्र फार जुना. चौदाव्या शतकांत इंग्लंडांतील ब्रॅडवर्डीन, १६१९ मध्यें केप्लर आणि १८०९ मध्यें फ्रेंच गणिती प्वांसो यांनीं त्यांवर लिहिलें. सहा बिंदु घेऊन एकेक बिंदु वगळीत गेल्यास पेन्सिल तिसऱ्या रेघेसच मूळ बिंदूवर येते. दोन सुटे त्रिकोण होतात, षट्कोन होत नाहीं. सात बिंदूंवर मात्र दोन निरनिराळ्या चांदण्या येतात: एक बिंदु वगळून पहिली, दोन वगळून दुसरी. पहिलीचे फेरे दोन, दुसरीचे तीन. छेद मोजण्याचें काम आपणांकडे.